पाणपोईची पाटी

"अक्का, मग उद्यापासून माझं दुकान काढू ना?"

गिरिजाक्कांनी मान वर केली नाही. रॉकेलात ब्रश धुणं चालूच.

"पाणपोईवर पाटी लावलीस?"

"सकाळीच लावली. बघायला तरी या!"

"ऊन उतरू दे."

फाउंड्रीच्या रस्त्यावर अक्कांची पाट्या रंगवायची शेड. तिथला रिवाजच होता, शिकून निघणाऱ्यानं शेवटची पाटी करायची ती दारातल्या पाणपोईची. अक्कांना पटली, तर गडी आपल्या वाटेनं जायला मोकळा. रांजण आत, गोणपाटाच्या पडद्याआड. रस्त्यावरून दिसायची ती फक्त पाटी.

विरूपाक्षनं रंगाला हातच लावला नाही. भंगारातले लोखंडी चौकोन आणले, एकाला एक भिडवले आणि 'पाणी' उभं केलं. जुन्या व्हिडिओ गेममधल्या अक्षरांसारखं, ठोकळ्याठोकळ्यांचं. काना म्हणजे खांब, वेलांटी म्हणजे जिना. अक्षरांच्या पोटातल्या मोकळ्या जागासुद्धा त्यानं चौकोन ठोकून बुजवल्या. अक्षर कसं, पैलवानासारखं भरलेलं हवं!

दुपारभर लोक थांबत होते. कुणी फोटो काढला. कुणी म्हणालं, "काय दणकट काम आहे राव!" विरूपाक्ष जमिनीवर नव्हताच.

मग एक म्हातारा कामगार सायकलवरून उतरला. खिशात घडी घातलेलं वर्तमानपत्र. पाटीखाली उभा राहून त्यानं डोळे बारीक केले.

"तुम्ही केलं?"

"मीच."

"झकास! कुठल्या मशीनचा भाग म्हणायचा हा?"

विरूपाक्षनं मान वळवून पाटीकडे बघितलं.

म्हाताऱ्यानं टॉवेलनं मान पुसली. "बरं बाळा, इथं जवळपास प्यायला पाणी कुठं मिळंल?"

"वाचता येत नाही का, आजोबा?"

"येतं की. कुठाय लिहिलेलं?"

विरूपाक्षनं पडदा सारला आणि तांब्या भरून दिला.

ऊन उतरलं तशा अक्का आल्या. पाटीकडे त्यांनी बघितलंही नाही. सरळ पडद्याआड गेल्या, रांजणावरचं झाकण उचललं. सकाळी भरलेला रांजण... एक तांब्या तेवढा कमी.

"अक्का, तुम्ही पाटी बघितलीच नाही!"

"बघत्येय की."

विरूपाक्षनं रांजणात डोकावलं. पाण्यात त्याचंच तोंड हललं.

बाहेरून एक ट्रक गेला.

"उतरवू का ती?" त्यानं विचारलं. "दुकान... राहू दे म्हणता?"

अक्कांनी फुलपात्र बुडवलं. स्वतः प्यायल्या, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत. पुन्हा भरून त्याच्या हातात दिलं. मग बाहेर आल्या, दिवसभर तापलेल्या लोखंडावर तळवा टेकवला आणि चटकन मागे घेतला.

"पाणी गार आहे," अक्का म्हणाल्या. "पाटी निवू दे."