पाणवठ्यावरची टिटवी

फार वर्षांपूर्वी एका रानात एकच पाणवठा होता. संध्याकाळी सगळी जनावरं तिथं जमायची, पाणी प्यायची, सुखदुःखाचं बोलायची. एका उन्हाळ्यात रानडुकरानं काठावर बस्तान मांडलं आणि बजावलं, "हा काठ आता माझा. पाणी प्या, पण इथं बोलायचं नाही."

सगळे माना खाली घालून पाणी पिऊ लागले. टिटवी मात्र ओरडली, "काठ सगळ्यांचा आहे!"

"मग तिकडं माळावर जाऊन ओरड," म्हणत डुकरानं तिला हुसकावलं. टिटवीनं आशेनं सगळ्यांकडे पाहिलं. कुणी मान वर केली नाही.

ती माळावरच्या खडकावर जाऊन बसली. रोज संध्याकाळी तिथूनच ओरडायची. आवाज काठापर्यंत पोचत नाही, हे तिला ठाऊक होतं. हळूहळू तिला तो आवाज स्वतःचाच वाटेनासा झाला.

एके दिवशी ससा खडकापाशी आला. त्याचे ओठ सुकले होते.

"पाणी प्यायला नाहीस?" टिटवीनं विचारलं.

"गेलो होतो, टिटवीताई. पण तिथं मुकाट्यानं घोट घशाखाली उतरेना." तो जवळ सरकला. "तू बोल. मी ऐकतोय."

टिटवी खडकावरून उतरून त्याच्यापाशी बसली आणि हळू आवाजात बोलू लागली.