हजार मोहरांचा रथ

"हजार मोहरांचा रथ मिळाला ना तुम्हाला? मग औषधांसाठी खजिन्यातून मिळणाऱ्या हजार मोहरा यंदा बंद!" राजा दृढसेनाने हुकूम दिला आणि आरोग्यशाळेचे म्हातारे नागेशवैद्य भर दरबारात हात जोडून पुढे आले.

घडले होते ते असे. अंबेनगरात नियम होता, की फाल्गुनी अमावस्येच्या आत, म्हणजे वर्ष संपायच्या आधी, जो कोणी धर्मार्थ दान देईल, त्याच्या करातून त्या दानाची किंमत वजा व्हायची. लखमशेट सराफाला कर होता हजार मोहरा. त्याने गोठ्यामागे पडलेला आजोबांच्या वेळचा रथ गरिबांच्या आरोग्यशाळेला देऊन टाकला आणि दानपत्रावर लिहिले, 'किंमत मोहरा एक हजार.' राजाने न बघताच शिक्का मारला. रथाला चाके तीन, त्यातले एक बैलगाडीचे! आसाला वाळवी लागलेली. ओढायची सोयच नव्हती, म्हणून बारा हमालांनी तो खांद्यावरून आणून टाकला.

"महाराज, रथ मोडका आहे हो," वैद्य म्हणाले.

"म्हणजे आमचा शिक्का खोटा?"

राजाचा शिक्का खोटा म्हणणाऱ्याची रवानगी थेट तुरुंगात व्हायची.

"उद्या दुपारपर्यंत मुदत देतो," राजा म्हणाला. "शिक्का खोटा म्हणायचं नाही. शेटना लबाड म्हणायचं नाही. आणि तरीही आम्ही मोहरा का द्याव्यात, ते पटवायचं. जमलं तर ठीक, नाहीतर बंद म्हणजे बंद!"

आरोग्यशाळेत येसू खलबत्त्यात सुंठ कुटत होती. औषधे कुटायचे काम तिचे. वैद्यांनी सगळे सांगितले, तसा तिचा बत्ता जागीच थांबला.

"वैद्यकाका, सोळा रोगी तापाने फणफणलेत. गुळवेल चार दिवस पुरेल. पुढे काय?"

"चालायचंच, पोरी. मोठ्यांपुढे काय बोलणार?"

"तुम्ही नका बोलू. मी बोलते!"

"तू? अगं, तुझं वय काय?"

"बोलण्याइतकं आहे!"

दुसऱ्या दिवशी येसू दरबारात उभी राहिली. राजपुरोहितांनी नाक मुरडले. "आता औषधं कुटणाऱ्या पोरी दरबारात बोलणार?"

"आधी तुम्हालाच विचारते, गुरुजी," येसू म्हणाली. "तुम्हाला कुणी गोदान केलं, तर नुसती गाय घेता का?"

पुरोहितांची छाती फुगली. "छे! गाय वासरासकट हवी! चांदीचे खूर, दुधाचं भांडं, वर्षाची वैरण हवी! त्याशिवाय मी दावं हातात घेत नाही. अपुऱ्या दानाचं फळ देणाऱ्याला मिळतच नाही!"

"आणि कुणी रथ दिला तर?"

"तेच! घोडे, साज, सारथी आणि वर्षाचा हरभरा!"

येसू राजाकडे वळली. "महाराज, तुमचा शिक्का खरा. रथ हजार मोहरांचाच!"

दरबारात बसलेल्या लखमशेटने खूश होऊन मिशीवर हात फिरवला.

"फक्त दान अपुरं राहिलंय. घोडे यायचेत. गुरुजी म्हणतात, तोवर फळ नाही. म्हणजे करमाफीही नाही!"

"एवढंच ना? पाठवतो की एक घोडा," शेट हसून म्हणाला.

"एक?" राजा कडाडला. "आमचा रथ आठशेचा, तरी त्याला चार अरबी घोडे आहेत, दोनशे मोहरांचा एकेक! हजाराच्या रथाला एक घोडा जोडून आमच्या शिक्क्याचं हसं करता?"

शेटने मनातल्या मनात आकडेमोड केली आणि त्याच्या कपाळावर घाम आला. घोड्यांच्याच आठशे! वर साज, सारथी, हरभरा! हजाराच्याही पुढे जाणार!

"महाराज, तसा... तसा तो रथ पाचशेचा असेल."

"मग दोन घोडे!" राजा म्हणाला.

"दोनशेचा! जुना आहे जरा."

"एक घोडा!"

"पण तोच दोनशेचा! सारथ्याचा पगार वेगळा!" शेट रडकुंडीला आला. "पन्नासचा धरा, महाराज!"

"पन्नासचा असेल तर खेचर चालेल," येसूने सुचवले. "पण ते खातं फार."

"अहो, ओढायला काहीच नको त्याला!" शेट ओरडला. "लाकूड आहे ते! नुसतं सरपण!"

दरबारात खसखस पिकली.

"सरपणाला घोडा लागत नाही, हे मात्र खरं," येसू म्हणाली. "किंमत किती धरायची, शेटजी?"

"दीड मोहर," शेट पुटपुटला.

"महाराज, शिक्का मी खोटा म्हटला नाही. शेटजींना लबाड म्हटलं नाही. किंमत त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितली. आम्हाला दीड मोहरेचं दान मिळालंय. तेवढी कापून घ्या आणि बाकीच्या मोहरा द्या!"

राजा आधी गालात हसला, मग असा खदखदून हसला, की मुकुट सावरायला दोघे सेवक धावले!

"दीडही कापत नाही! पुऱ्या हजार घेऊन जा. रोगी आणायला आमच्या तबेल्यातली घोडागाडी घ्या, घोड्यांसकट! आणि शेट, तुमचा कर संध्याकाळच्या आत इथं हवा. दीड मोहर तेवढी माफ!" मग तो येसूला म्हणाला, "तुला काय हवं?"

"यापुढे कुठल्याही दानपत्रावर शिक्का मारण्याआधी ती वस्तू बघायला मला पाठवा."

"या वयात एवढा मोठा अधिकार?" पुरोहित किंचाळले.

"दिला! आत्तापासून!" राजाने गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून तिच्या हातावर ठेवला. येसूने तो उजेडात धरला आणि एकेक मोती फिरवून पाहू लागली.

"अगं, काय बघतेस?"

"आत्तापासून म्हणालात ना, महाराज? कामाला लागले!"

राजा पुन्हा असा हसला, की दोघांना परत मुकुटाकडे धावावे लागले. मोती अस्सल होते.