शिकरा बाजाराला आला

एका डोंगराच्या उतरणीवर, ओढा जिथे वळण घेतो तिथल्या जंगलात, एक म्हातारा वानर राहत असे. स्वभावाने इतका मऊ, की फांदीवरून मुंग्यांची रांग चालली असली तर ती संपेपर्यंत हा आपला पाय उचलून बसायचा. उभ्या जन्मात त्याने कोणाला 'नाही' म्हटले नव्हते. बाळांनो, गुण तसा चांगलाच. पण त्या गुणाने एकदा केवढा घोळ घातला, ते सावकाश ऐका.

या वानराला एका वादळानंतर झाडाखाली शिकऱ्याचे पिल्लू सापडले. शिकरा म्हणजे लहान चणीचा शिकारी पक्षी. डोळे निखाऱ्यासारखे, नखे सुईसारखी. वानराने त्याला वाढवले आणि शिकवलेही. मनगटावर पळसाची जाड साल गुंडाळायची, हात पुढे करायचा, शीळ घालायची; शिकरा येऊन बसला की एक नाकतोडा द्यायचा. पहिले कितीतरी दिवस शिकरा आलाच नाही. वानर नुसता हात पुढे करून बसे. उजव्याला रग लागली की डावा. कोणी हसले तर म्हणे, "येईल हो. त्याला घाई नाही, मलाही नाही." आणि एका सकाळी खरेच तो आला. मग रोजच येऊ लागला. एवढे मात्र वानराने ओळखले होते, की शिकरा थोडा भुकेला असला तरच शीळ ऐकतो. पोट भरले, की तो आपल्या मनाचा राजा.

जंगलातल्या लहानसहान जिवांना मात्र ही गोष्ट रुचेना. खारीने तर सरळ गव्याकडे गाऱ्हाणे नेले. गवा त्या जंगलाचा पाटील.

"पाटील, माझी पोरं अजून डोळे चोळत चालतात. ते पाखरू डोक्यावर बसलेलं असताना मला झोप कशी यावी?"

गव्याने वानराला बोलावले. "आजोबा, तुमचं पाखरू गुणी आहे म्हणता. मग बाजाराच्या दिवशी घेऊन या. चारचौघांत कसं वागतं ते सगळे बघू. नीट वागलं तर इथलं. कोणाला नख लागलं, तर नदीपार. परत यायचं नाही."

आता, या बाजाराची रीत सांगितली पाहिजे. दर पुनवेनंतरच्या सकाळी ओढ्याकाठच्या पठारावर सगळे जमत. कोणी बोरे आणी, कोणी मध, कोणी मोहाची फुले. नाकतोडे-किडे सोडले, तर त्या दिवशी कोणी कोणाला खायचे नाही, असा पिढ्यांचा नेम. कोल्हासुद्धा त्या दिवशी सशाला रामराम घालत असे. नेम मोडणाऱ्याला जंगलात जागा नसे.

वानर 'बरं' म्हणाला, पण त्याला घोर लागला. शिकऱ्याला दुसरे घर ठाऊक नव्हते, आणि खरे सांगायचे तर वानरालाही आता दुसरे कोणी नव्हते.

बाजाराच्या दिवशी तो पठारावर आला तो ओढ्याकडे पाठ करून उभा राहिला, म्हणजे मागून कोणी येऊ नये. शिकरा मनगटावर, पायात वाखाची बारीक दोरी. वानर हळूच म्हणाला, "मंडळी, सगळ्यांनी समोर बसा. लेकरं मांडीवर घ्या. पळणारं काही दिसलं की याचा जीव राहत नाही. आणि घास मीच देईन, दुसऱ्या कोणी द्यायचा नाही, बरं का."

"बसलो, बसलो!" सगळे म्हणाले.

वानराने दोरी सोडली. शिकरा उडाला, समोरच्या खुंटावर बसला. शीळ घातली, बाणासारखा परत आला. दुसऱ्यांदा तसेच. मंडळी खूश. खारीनेही पिल्लावरचा पंजा थोडा सैल केला. इथेच थांबायचे होते. पण थांबवणार कोण?

साळुंकी ठुमकत पुढे आली. "आजोबा, जरा पाठीवरून पंख फिरवू द्या की!"

"नको गं बाई, त्याला..."

"एवढं काय? आम्ही काय त्याचा रंग काढून नेणार आहोत? राहू दे बापडं. आम्ही गरीब, आम्हाला कोण विचारतं!" आणि ती मान फिरवून बसली.

झाले. कोणाचे तोंड उतरलेले वानराला बघवत नसे. "बरं, एकदाच हं," तो म्हणाला. साळुंकीला दिले, मग मुंगसाला नाही कसे म्हणायचे? मुंगूस नाकतोडा घेऊन आला. "माझ्या हातचा एक घास खाऊ दे त्याला." त्याला दिले, मग सशाला. मग पोपटाला. सशाच्या बायकोलाही. जो येई तो एक नाकतोडा घेऊन येई, आणि कोल्हा मागून हाका मारी, "भरवा, भरवा! पाहुणा उपाशी जायला नको!"

खार म्हणाली, "बरंच झालं. पोट भरलं म्हणजे कोणाच्या वाटेला जाणार नाही."

शिकऱ्याच्या गळ्याखालची पिशवी लिंबाएवढी फुगली. वानराला ती दिसत होती. 'आता पुरे' हे दोन शब्द त्याच्या ओठांपर्यंत येत आणि पुढचा चेहरा पाहून परत जात.

"आता शेवटचं उडवा!" मंडळी ओरडली. "उंच!"

आणि त्या भल्या माणसाने, म्हणजे वानराने, तेही ऐकले. शिकरा उडाला तो थेट ऐनाच्या उंच झाडाच्या शेंड्यावर. वानराने शीळ घातली. शिकऱ्याने चोच फांदीला पुसली. पुन्हा शीळ घातली. शिकऱ्याने पंख पसरून ऊन खाल्ले.

"आजोबा, शिष्य पुढं गेला हो, गुरू खालीच राहिला!" कोल्हा खिदळला. मंडळी हसली, उठली, माना वर करून झाडाकडे धावली. कोणी हात हलवतो, कोणी टाळी वाजवतो. त्या गडबडीत खारीचे पिल्लू तिच्या पंजातून निसटले, आणि घाबरून मोकळ्या पठारावरून सैरावैरा पळत सुटले.

पोट भरलेले असले तरी शिकाऱ्याचा डोळा भुकेलाच असतो. शिकऱ्याने पंख मिटले आणि दगडासारखा खाली सुटला.

"थांबा!"

तो आवाज कोणाचा, ते क्षणभर कोणाला कळेना. वानराचा होता! जन्मात पहिल्यांदा तो ओरडला होता. "कोणी हलायचं नाही! पिल्ला, तूही नाही! आहेस तिथं बस!"

सगळे पठार दगड झाले. पिल्लूही भीतीने गवतात चिकटून बसले. पळणारे काही उरलेच नाही, तेव्हा शिकऱ्याने पंख फाडकन उघडले आणि पिल्लापासून वीतभर अंतरावर जमिनीवर उतरला. इकडे पाहिले, तिकडे पाहिले. आपण कशासाठी आलो, तेच तो विसरला.

वानर एक एक पाऊल टाकत गेला. शीळ घातली नाही, घासही दाखवला नाही. भरल्या पोटी त्याचा उपयोग नव्हता. तो शिकऱ्यामागे बसला आणि सालीचे मनगट हळूच त्याच्या पायांना मागून टेकवले. पायाला मागून आधार लागला, की हा पक्षी आपोआप मागे पाऊल टाकून त्यावर चढतो. शिकरा चढला. वानराने दोरी बोटांत धरली, तेव्हा कुठे सगळ्यांनी श्वास सोडला.

खार धावली आणि पिल्लाला तिने पोटाशी घेतले. त्याला चाटता चाटता एक धपाटाही घातला.

गवा पुढे आला. "नख लागलं का?"

"नाही," वानर म्हणाला. "पण लागलं असतं. पाटील, पाखराचा दोष नाही. किती घास, कोणाचा हात, कधी थांबायचं, हे सगळं मला ठाऊक होतं. पण माझ्या तोंडून 'नाही' निघालं नाही. नदीपार पाठवायचं तर मला पाठवा."

गवा खारीकडे वळला. "पोर तुझं. तू सांग."

खारीने पिल्लाला आणखी जवळ ओढले. "आजोबा, मघाशी ओरडलात, तसं आधीच का नाही ओरडलात?"

"साळुंकी रुसली असती गं."

"रुसू दे की!" खार फणकारली. "रुसलेली साळुंकी उद्या हसते. गेलेलं पोर उद्या येतं का?" मग शिकऱ्याकडे पाहून जरा शांत झाली. "पाटील, ते समोरचं पाखरू राहू दे इथंच. आम्ही थांबलो तसं तेही थांबलं. आम्हाला मात्र सांगूनही बसून राहता आलं नाही."

साळुंकीने पंखात तोंड लपवले. कोल्ह्याला एकदम घरची आठवण झाली.

"ठरलं," गवा म्हणाला. "शिकरा इथला. आणि बाजारात तो असेल तेव्हा पाटील मी नाही, आजोबा. ते बस म्हणाले की मीसुद्धा बसेन."

एवढा मोठा गवा वानरासमोर खरेच गुडघे टेकून बसला, तेव्हा सगळे पठार हसले. वानरही हसला. मग ऊन चढू लागले तसा तो घराकडे निघाला. शिकऱ्याने एक पाय पोटात ओढून घेतला होता, डोळे मिटले होते. वाटेत मुंग्यांची रांग आडवी आली. वानर थांबला, पण मनगट मात्र त्याने हलू दिले नाही.

तात्पर्य : चार जणांना खूश करण्यासाठी जो वेळेवर 'नाही' म्हणत नाही, तो आपल्या माणसालाही संकटात घालतो आणि त्या चार जणांनाही. 'नाही' म्हणणे हीसुद्धा मायाच असते.