कुलीन मुली धावत नाहीत

यमुनाताई कर्णिक त्या तालुक्यातल्या पहिल्या व्यायामशिक्षिका. नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून त्या मुलींबरोबर मैदानावर धावत आणि कुंपणाबाहेर लोक हसत. सहा वर्षं त्यांनी ते हसणं मनावर घेतलं नाही. मग शाळेचे अध्यक्ष रावसाहेब टिपणीस यांनी व्यायामाचा तास बंद करायचा ठराव आणला आणि ताईंना भरसभेत उभं केलं.

"बाई, कुलीन मुली कधी धावतात का? एक तरी दाखवा!" रावसाहेब मिशीवरून हात फिरवत म्हणाले. सभा खदखदून हसली.

ताई शांतपणे म्हणाल्या, "तुमचं खरं आहे, रावसाहेब. माझी धाकटी बहीण फार कुलीन होती. जत्रेत नाटकाचा मंडप पेटला, तेव्हा सगळा गाव धावत सुटला. ती मात्र डोईवरचा पदर सावरत चालत निघाली. दारापर्यंत पोचली नाही."

रावसाहेबांनी ठरावाचा कागद फाडला.

तास वाचला. पण घरी परतताना ताईंना जिंकल्यासारखं वाटलं नाही. अकरा वर्षांत बहिणीबद्दल त्या पहिल्यांदाच कुणाशी बोलल्या होत्या, आणि तेही वाद जिंकण्यासाठी.