खुडूक कोंबडीचं गाव

फार मागं त्या नदीकाठी कुणी घर बांधत नसे. मेंढपाळ मुक्काम करत आणि निघताना चूल पाडून जात. नदी तोऱ्यात म्हणे, "माझ्याजवळ कुणी टिकत नाही."

एकदा ठिपकी कोंबडी चुलीच्या उबदार राखेतच अंड्यांवर बसली. चूल पाडायला धुरपाबाईनं पाय उचलला, तशी ठिपकी पिसं फुलवून म्हणाली, "बाई, पिल्लं निघेपर्यंत मी उठायची नाही."

"टोपलीत घाल तिला," नवरा म्हणाला.

"अंडी गार होतील. थांबू या."

पिल्लं निघाली, तोवर पालापुढं भोपळ्याचा वेल पसरला होता. भोपळे धरले, तोवर दुसरी कोंबडी खुडूक बसली.

चूल काही पडली नाही. आता तिथं घरोघरी चुली पेटतात, आणि नदीला रोज पहाटे ठिपकीच्या वंशातले कोंबडे उठवतात.