नावाने हाक

तांगानिका सरोवराच्या पूर्वेच्या पठारावर कासिंदे नावाचं एक गाव आहे. गावाबाहेर टेकडी, टेकडीवर दोन पुरुष उंचीची मातीची जुनी भट्टी आणि पायथ्याशी ओढा. ओढ्याच्या काठी लोखंडाचा एक ओबडधोबड गोळा पडलेला आहे, मोठ्या घागरीएवढा. गावातल्या बायका दर महिन्याला त्याला एरंडाचं तेल चोळतात, त्यामुळे तो काळाभोर दिसतो. एवढ्या लोखंडाच्या चाळीस-पन्नास कुदळी सहज झाल्या असत्या, पण त्याला आजवर कोणी हातोडा लावलेला नाही.

आम्ही तिघे दार-एस-सलामला नोकरीला होतो, सुट्टीत तिकडे गेलो होतो. आमच्यातल्या देवधरने उगाच एक दगड उचलून गोळ्यावर टकटक केलं. बरोबर गावातले म्हातारे कापुफी होते. सगळे त्यांना बाबू म्हणत. तिकडे बाबू म्हणजे आजोबा. त्यांनी देवधरच्या हातातून दगड काढून घेतला आणि ओढ्यात टाकला.

"ते वाजवायचं नाही," ते म्हणाले. "बसा. फोटो नंतर काढा. तुम्हा लोकांना आधी फोटो हवा असतो आणि मग गोष्ट."

आम्ही बसलो. बाबूंनी जे सांगितलं ते असं.

पूर्वी या पठारावर लोखंडाशिवाय पान हलत नसे. कुदळ असेल तर शेत. मुलीच्या बापाला सहा कुदळी दिल्या तर लग्न. बाळाची नाळ कापायची तर लोखंडाच्याच पात्याने, आणि राजा गेला तर त्याच्या उशाशी हातोडा. म्हणून लोहाराचा मान मोठा आणि त्याच्यावरची बंधनंही मोठी. भट्टी म्हणजे त्याची नवरी. तिला मातीचे स्तन करत, कमरेला मण्यांची माळ बांधत, गाणी म्हणून तिला नटवत. तीन दिवस ती धगधगत असे, आणि ते तीन दिवस भट्टीवरच्या पुरुषांनी घरी जायचं नाही. टेकडीवर काट्यांचं कुंपण असे. त्याच्या आत बाईमाणसाने पाऊल ठेवायचं नाही, आणि आत ऐकू जाईल अशा बेताने कुठल्या बाईचं नावही घ्यायचं नाही. नवरी रुसते म्हणे, आणि लोखंड नासतं. तिथे कुठल्याही बाईचा उल्लेख करायचा तो फक्त 'ती' असा.

सिल्वांबा नावाचा एक लोहार होता. त्याच्यासारखा भट्टी लावणारा दुसरा नव्हता. त्याच्या बायकोचं नाव नाम्विंगा. लग्नाला सात वर्षं झाल्यावर तिला पहिल्यांदा दिवस राहिले होते. बायको गरोदर असताना लोहाराने भट्टीवर जाऊ नये असा नियम होता, आणि सिल्वांबा तो पाळतही होता. पण त्या वर्षी दुसऱ्यांनी लावलेली भट्टी फुकट गेली. पेरणी महिन्यावर आली, गावातल्या कुदळी झिजून पात्याएवढ्या उरल्या, सात मुलींची लग्नं अडून राहिली. गावातले मोठे लोक त्याच्या दारात येऊन बसले. नाम्विंगाचे दिवस भरायला अजून महिना होता. शेवटी तीच म्हणाली, "जा. ती तुझी नवी बायको, तिच्याकडे नीट बघ. पण मी हाक पाठवली तर ये."

"हाक आली की आलोच," सिल्वांबा म्हणाला.

इथे बाबू थांबले आणि आमच्याकडे रोखून बघत म्हणाले, "तो खोटं बोलला नव्हता, हे आत्ताच सांगून ठेवतो. नाहीतर ऐकणारे त्याला शिव्या देतात."

तिसऱ्या दिवशी सकाळी नाम्विंगाच्या पोटात दुखू लागलं, महिनाभर आधीच. ऊन वर आलं तरी सुटका होईना. आपल्याकडे जसं बाई अडली म्हणतात, तसाच शब्द त्यांच्याकडेही आहे. अशा वेळी नवऱ्याने ऐरणीजवळच्या कुंडीतलं पाणी आपल्या ओंजळीने बायकोला पाजायचं, म्हणजे ती सुटते, अशी सगळ्यांची श्रद्धा होती. दुसऱ्या कोणाच्या ओंजळीने चालत नसे. सिल्वांबाची आई नाकाझ्वे धावत ओढ्यापाशी आली. भट्टीच्या दिवसांत त्याच्या पलीकडे जायची कुठल्याच बाईला मुभा नव्हती. तिने वर तोंड करून हाक दिली, "सिल्वांबा, ती अडलीय!"

सुनेचं नाव तिने घेतलं नाही. तिथे ते घेत नसत.

आणि नेमकी त्याच वेळी भट्टी तुंबली होती. तळाशी हवेसाठी नऊ भोकं असतात, त्यातली पाच लोखंडाच्या वितळलेल्या मळाने बुजली होती आणि सिल्वांबा ओली काठी खुपसून ती मोकळी करत होता. लोहारही भट्टीला अडलीच म्हणत. धूर खाली गावात दिसत असणार, म्हणून आई बोलतेय, असं त्याला वाटलं.

"ठाऊक आहे!" त्याने वरून ओरडून सांगितलं. "ती सुटल्याशिवाय मी इथून हलत नाही!"

आईला वाटलं, याला बायकोचं कळलंय आणि तरी हा भट्टी सोडत नाही. तरी ती दुपारी पुन्हा आली. तीच हाक. या वेळी सिल्वांबा वैतागला. "एकदा सांगितलं ना आई, ठाऊक आहे म्हणून!" तिसऱ्यांदा आली तेव्हा त्याने उत्तरच दिलं नाही. बुजलेल्यांतलं दुसरं भोक नुकतं मोकळं होत होतं.

घरात नाम्विंगाने सासूला विचारलं, "हाक ऐकली का त्यांनी?"

नाकाझ्वे खोटं बोलू शकली असती. पण तीही चिडलेली होती, मुलावर. ती म्हणाली, "ऐकली. ठाऊक आहे म्हणाला."

 त्यानंतर नाम्विंगा भिंतीकडे तोंड करून पडून राहिली म्हणे. उन्हं उतरायच्या आत ती गेली, आणि पोटातलं मूलही गेलं.

त्याच सुमाराला वर भट्टी मोकळी झाली. असं लोखंड त्या पठारावर कोणी पाहिलं नव्हतं. पुरुष नाचायला लागले. सिल्वांबाने फुटून पडलेला एक लहानसा तुकडा पाण्यात विझवला, येणाऱ्या बाळाच्या पायातल्या घुंगरासाठी, आणि तो मुठीत घेऊन टेकडी उतरला. ओढ्याकाठी आई कपडे धूत बसली होती.

"सुटली ती," तो हसत म्हणाला.

आईने मान वर केली नाही. "हीपण सुटली," ती म्हणाली.

त्याला वाटलं, बाळ झालं. तो पळत घराकडे गेला.

पुढचं फार सांगत नाहीत. एवढंच सांगतात की तो परत ओढ्यावर आला आणि त्याने आईला विचारलं, "मला हाक का नाही मारलीस?" ती म्हणाली, "तीनदा मारली." मग दोघांनाही कळलं. "तिचं नाव का नाही घेतलंस?" एवढं त्याने विचारलं. नाकाझ्वेने टेकडीवरच्या कुंपणाकडे बोट दाखवलं आणि तोंडात पदर कोंबला.

लोखंडाचा गोळा त्याने ओढ्याकाठी आणून टाकला आणि त्याला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. त्या वर्षी गावाने टोकदार लाकडांनी जमीन उकरून पेरणी केली. सात मुलींची लग्नं झाली नाहीत. त्या सात जणींनीच पहिल्यांदा त्या गोळ्याला तेल लावलं, असं सांगतात.

पुढच्या वर्षी दुसऱ्यांनी भट्टी पेटवली तेव्हा सिल्वांबा टेकडी चढून वर गेला. कुंपणाच्या आत उभा राहिला आणि भट्टीच्या तोंडाशी वाकून मोठ्याने म्हणाला, "नाम्विंगा." सगळे भट्टीपासून मागे सरले. लोखंड नासणार, गावाची आणखी एक पेरणी जाणार. तो मात्र तीन दिवस तिथेच बसून तिचं नाव घेत राहिला. त्याला भट्टी नासायलाच हवी होती. ती नासली असती, तर आईने नाव घेतलं नाही ते बरोबर होतं, एवढं तरी उरलं असतं.

तिसऱ्या दिवशी लोखंड निघालं. स्वच्छ, जड, कुठे खोट नाही.

बाबू म्हणाले, "तोपर्यंत तो रडला नव्हता. ते लोखंड बघून रडला."

देवधरने विचारलं, "तो वेळेवर आला असता तर ती वाचली असती का?"

"ओंजळभर पाण्याने?" बाबू जरा रागावूनच म्हणाले. "मला काय ठाऊक. पण तो आला असता. तिला तो दिसला असता."

आता तिथे बाजारातलं लोखंड येतं, कुदळी दुकानात मिळतात. तरी आजही कासिंदेत कोणी बाई बाळंत होत असली की घरातली थोरली बाई दारात येऊन तिचं पूर्ण नाव घेऊन हाक मारते, आणि नवरा परगावी असला तर फोनवरही आधी नाव सांगते, मग निरोप. आजही वर्षातून एकदा जुनी भट्टी पेटवतात. कुंपण आता नाही. पेटवण्याआधी प्रत्येक पुरुष आपल्या बायकोचं नाव मोठ्याने घेतो. सगळ्यांचं झालं की गावातली सगळ्यांत म्हातारी बाई खाली ओढ्याकाठी, त्या गोळ्याशेजारी उभी राहते आणि वर तोंड करून हाक देते, "नाम्विंगा अडलीय!"

मग सगळे गप्प उभे राहतात. भट्टीपासून नाम्विंगाच्या घरापर्यंत उतरून जायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ जाऊ देतात, आणि मगच विस्तव लावतात.

संध्याकाळी आम्ही त्या वाटेने उतरलो. फार वेळ लागत नाही.