ताणा ओलांडणारा राजा

एका राज्यात सात बेटं होती आणि सातांवरही मगिलास राजाचा अंमल होता. राजा मनाचा मोठा, पण भारी घायकुता. भात शिजायच्या आत ताटावर बसे आणि ताट वाढून येईतो उठून जाई.

दरसाल तो एका थोर कारागिराला मानाचा सुवर्णकंठा घाली. कधी पितळेच्या झांजा ओतणाऱ्याला, कधी नावा कोरणाऱ्याला, कधी पूर्वजांची कवनं तीन दिवस अखंड गाणाऱ्या म्हाताऱ्याला. दरबारात बोलावलं तर त्यांचं काम अडेल, म्हणून राजा स्वतः त्यांच्या दारी जाई. हा त्याचा गुण सांगायलाच हवा, कारण पुढे त्याचे दोषच सांगायचे आहेत.

यंदा मान होता सेमगान आजीचा. डोंगरातल्या तळ्याकाठी ती रानकेळीच्या वाखाचं कापड विणी. त्याची नक्षी कुणी आखून देत नसे. वाखाची देवी स्वप्नात येई, नक्षी दाखवी आणि आजी जागी होताच ती ताण्यावर, म्हणजे विणायच्या उभ्या धाग्यांवर, गाठी मारून बांधी. गाठीखाली रंग शिरत नसे. रंगवून गाठी सोडल्या की पांढरी नक्षी उमटे. आजीची नजर आता मंदावली होती. हे आपलं शेवटचं कापड, हे तिला ठाऊक होतं. नक्षीही तशीच मिळाली होती, आयुष्यात न पाहिलेली.

राजा आला तेव्हा ताणा घरभर पसरला होता आणि आजी पलीकडे बसली होती. मागच्या दाराने वळसा घालून यायचं, की झालं. पण वळसा घालील तो मगिलास कसला? कंठा उंच धरून त्याने ताण्यावरून पाय टाकला.

ताणा ओलांडायचा नसतो, हे तिथलं रांगतं पोरही जाणतं. धागे तटातट तुटले. आजीच्या डोक्यातून नक्षी पुसली गेली. आणि राजाचे पाय जमिनीपासून वीतभर वर उचलले गेले, ते वरच राहिले.

"महाराज, आपण ताणा ओलांडलात," आजी म्हणाली.

"नवा ताणा धाडतो," राजा म्हणाला.

"नक्षी कुठून धाडाल?" असं म्हणून आजी तोंडाला पदर लावून रडली.

राजा राजवाड्यात परतला. "देव असेच चालतात, महाराज," प्रधान म्हणाला. दुसऱ्या दिवशी हा देव दोन विती वर गेला, तिसऱ्या दिवशी तीन. सिंहासनावर बसता येईना. दरबारी मांत्रिकाने पायांना दळायची दगडी जाती बांधली, तर जातीही तरंगू लागली. तेव्हा गवाक्षात एक धनेश पक्षी येऊन बसला आणि माणसाच्या वाणीने बोलला.

"राजा, ज्याने ताणा तोडला त्याला जमीन धरत नाही. एकविसाव्या दिवशी सूर्य मावळला की तुला दोरही धरणार नाही. मग आभाळात किती वर जाशील, ते मलाही सांगता यायचं नाही."

"उपाय?"

"वाख, रंग आणि नक्षी. तिन्ही आजीला दे. नव्या नक्षीची शेवटची गाठ बसेल तेव्हा उतरशील."

राजाला कमरेला दोर बांधून, वासरू न्यावं तसं तळ्याकाठी नेलं. आजीने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. खालपर्यंत म्हणजे अर्थातच अधांतरापर्यंत. मग तिने त्याच्या हाती रानकेळीचं सोपट, खोडाची सोललेली साल, दिलं.

पहिलं काम वाखाचं. सोपट पात्याखाली धरून जोराने ओढायचं, की गर गळतो आणि वाख हाती येतो. पण जोर लावायला पाय टेकलेले लागतात! राजा ओढी तेव्हा सोपट जागेवरच राही आणि राजाच पात्याकडे जाई. अखेर त्याने स्वतःला घराच्या खांबाला करकचून बांधून घेतलं. हाताची सालटी निघाली. अकराव्या दिवशी वाख पुरा झाला.

"बरा आहे," आजी म्हणाली. राजाला कंठा मिळाल्याइतका आनंद झाला.

दुसरं काम काळ्या रंगाचं. त्याची पानं रानातल्या एकाच झाडाला येत. राजा म्हणाला, "पानं दे." झाडाने फांद्या वर उचलल्या. राजा सेवकांना दोर आणखी उंच सोडायला लावी, झाड आणखी उंच होई. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी राजा दमून म्हणाला, "वृक्षराज, आजीच्या कापडासाठी थोडी पानं हवी होती. द्याल का?" झाडाने फांदी त्याच्या मांडीवर आणून ठेवली.

तिसरं काम नक्षीचं. पंधराव्या दिवसापासून राजा दुपारी-तिपारी, मिळेल तेव्हा झोपू लागला. स्वप्नात मुकुट दिसला, आजीने तो बांधायला घेतला, धागे तुटले. तलवार दिसली, धागे तुटले. विसाव्या दिवशी प्रधान शिडीवर चढून राजाच्या कानाशी लागला. "महाराज, शेजारच्या बेटावरची एक जुनी नक्षी आणली आहे. स्वप्नात दिसली म्हणा. म्हातारीला काय कळतंय?"

राजा छपराला टेकला होता. खाली आजी डोळ्यांपाशी धागा नेऊन वाखाचं टोक टोकाला जोडत होती. एक जोड चुकला, तिने तो सोडवला आणि पुन्हा बांधला. राजाला स्वतःची लाज वाटली.

"आजी," तो म्हणाला, "मला स्वप्न पडलं नाही. पडेल असंही वाटत नाही. तुमची नक्षी मी हरवली आणि ती मला परत देता येत नाही. माफ करा."

"उद्या तुम्ही आभाळात जाल, महाराज."

"जाईन. तोवर धागे वर द्या. टोकं मी जोडतो, तुम्ही जरा पडा."

धागे जोडणारं दुसरं कुणी आजीच्या घरात कधीच नव्हतं. ती आडवी झाली आणि वीस दिवसांत पहिल्यांदा तिला गाढ झोप लागली. राजा छपराशी लटकून गाठी मारत राहिला. दिवस उजाडला तरी त्याने आजीला उठवलं नाही. आयुष्यात तो पहिल्यांदाच कुणासाठी थांबला होता.

ऊन अंगणात आलं तशी आजी ताडकन उठली. "देवी आली होती! जुनी नाही, नवीच दिली!" आणि नक्षी कसली, तर रांगेने बसलेल्या बेडकांची.

मग काय विचारता! आजीने ताणा लावला आणि गाठी बांधायला बसली. राजा वरून धागे सोडी, आजी खाली बांधी. दुपार कलली, दोर कुजल्यासारखा सुटू लागला, छपराचा पेंढा राजाच्या पाठीने उसवला. सूर्याची कोर तळ्याला लागली तेव्हा आजीने शेवटच्या बेडकाचा पाय बांधला.

धाडकन राजा बांबूच्या जमिनीवर आदळला. दोन कामट्या मोडल्या. ताण्यापासून हातभर अलीकडे पडला, हे सर्वांचंच नशीब. पायाखालची जमीन चाचपत तो लहान मुलासारखा रडला आणि हसला.

"महाराज, लागलं का?" आजीने विचारलं.

"लागलं, आजी."

"मग बसा तिथेच. रंग शिजायला अजून कित्येक दिवस आहेत."

आणि मगिलास राजा बसून राहिला.

हातांत कसब असणाऱ्यांना उदंड आयुष्य लाभो आणि त्यांच्या उंबऱ्याशी थांबणाऱ्यांनाही. झाडाने ऐकली, धनेशाने सांगितली, ती कहाणी इथे पुरी झाली.